धाग्याएवढा पट्टा

नांदुऱ्याच्या बाजार समितीच्या आवारात दरवर्षी रब्बीचं पाणी सुरू व्हायच्या आधी एका रविवारी मेकॅनिक लोकांची शर्यत लागते. शर्यत इंजिनांची, आणि इंजिनं तर जागची इंचभर हलत नाहीत. हसू नका. सगळ्यांकडे एकाच जातीचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, शेतात पंप ओढतं ते. प्रत्येकाला एक डायनामो जोडलेला, डायनामोवर वीस बल्ब, आणि बाटलीत मोजून अर्धा लिटर डिझेल. ज्याचे बल्ब शेवटपर्यंत जळतील तो जिंकला. गेल्या पाच वर्षांत एक्केचाळीस मिनिटांच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. ती एक्केचाळीस मिनिटं मलकापूर रस्त्यावरच्या उकंडराव लेथवाल्यांची, आणि हा आकडा ते तेरवीच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला ऐकवत.

यंदा मात्र फकीरभाईंच्या गॅरेजचं इंजिन सुनेच्या वालवर पळणार होतं, आणि फकीरभाईंची बायको अमीनाबी आठवडाभर धड झोपल्या नव्हत्या.

इंजिनाच्या हेडात, म्हणजे वरच्या लोखंडी झाकणात, दोन वाल असतात. लांब दांडीचे, चपट्या डोक्याचे. एक हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. मिटले की दोन्ही आपापल्या बैठकीवर असे बसायला हवेत की फुंकरसुद्धा जाऊ नये. त्यासाठी ते घासावे लागतात. वालला काळी पेस्ट लावायची, काठीच्या टोकाचं रबर त्याच्या डोक्याला चिकटवायचं आणि काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची. हे काम पस्तीस वर्षं अमीनाबीच करत आलेल्या. ओसरीवर पोतं अंथरून बसायच्या. थेट सोनाळ्याकडचे शेतकरी पिशवीत हेड घालून आणायचे आणि म्हणायचे, "भाभी, पट्टा पाडून द्या." पट्टा म्हणजे वाल जिथं टेकतो तिथं उमटणारी राखाडी कडी. पट्टा जितका रुंद तितकं काम पक्कं, असं सगळ्यांचं मत. अमीनाबींसारखा ज्वारीच्या दाण्याएवढा रुंद, कुठंही न तुटलेला पट्टा तर आसपास कोणालाच जमत नव्हता. त्यांना त्याचा अभिमान होता. का नसावा?

मग सून आली. उमैमा, जळगाव जामोदची, बुलढाण्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. सहा महिने पोरगी गुमान बसून सासूचं काम पाहत राहिली. एक दिवस म्हणाली, "अम्मी, पट्टा रुंद नको. धाग्याएवढा पायजे."

"धाग्यावर कोनी बसते का व?" अमीनाबी हसल्या.

उमैमानं वादच घातला नाही. शेजारच्या मळ्यात नेऊन पाटाचं पाणी दाखवलं. काटकोनात वळलेल्या पाटात पाणी कोपऱ्यावर आपटून तुंबत होतं. तिनं खुरप्यानं कोपऱ्याचा काठ तिरपा केला, आणि पाणी सुळकन पुढं गेलं.

"हवा बी अशीच अडते, अम्मी. मी वालच्या पाठीचा कोपरा उतरवते, बैठकीलेही वरून-खालून उतार देते. हवा पुरी आत गेली की डिझेल पुरं जळते. अन् पट्टा बारीक असला की स्प्रिंगचा सारा जोर त्या एका रेघेवर येते. मंग काहीच गळत नाई."

पाण्याचं अमीनाबींना तिथल्या तिथं पटलं. धाग्याचं काही पटलं नाही, पण सुनेच्या डोळ्यांतली चमक पाहून त्यांच्याच अंगात आलं. त्यांनी फकीरभाईंच्या मागं असा लकडा लावला की शेवटी त्या बिचाऱ्यानं हात टेकले.

"ठीक हाये," फकीरभाई सुनेला म्हणाले, "यंदाच्या शर्यतीत तुहे वाल लावू. एक्केचाळीसच्या पुढं गेलं तर गॅरेजात दाराशीच तुले टेबल मांडून देतो. नाई गेलं, तर तुहे हे बैठक तासायचे कटर भंगारात, अन् माह्या गॅरेजात पुन्हा नवा आकार नाई. मंजूर?"

"हाव, मंजूर," उमैमा म्हणाली.

शनिवारी दिवेलागणीला दोन्ही वाल तयार झाले. रविवारी अमीनाबी फजरची नमाज पढून ओसरीवर आल्या, तर पोत्यावर हेड ठेवलेलं. त्यांनी वाल उचलून उजेडात धरला. पट्टा कसला, नुसती रेघ! बिचारी पोरगी आठवडाभर राबली, हात गळाले असतील, त्यांना वाटलं. अर्धवट काम तसंच राहिलं. आता उठेल, धावपळ करेल, रडकुंडीला येईल. झोपू दे तिला.

आणि अमीनाबी काठी घेऊन बसल्या. एका वालला दोनशे फेरे, दुसऱ्याला दोनशे. मायेनंच हो! पेस्ट पुसली तेव्हा दोन्ही पट्टे ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते, नितळ, कुठं खाच नाही. त्या स्वतःवरच खूश झाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सात वाजता ओसरीवरून किंकाळी आली. "अब्बा!"

त्या घरात उमैमाचा आवाज कधी चढला नव्हता. फकीरभाई तोंडात मंजन तसंच ठेवून बाहेर धावले. उमैमा हेड मांडीवर घेऊन बसलेली, चेहरा पांढराफटक.

"हे तुम्ही केलं! मले हारवायले केलं! आठवडाभराची मेहनत घासून टाकली तुम्ही!"

"म्या?" फकीरभाईंच्या तोंडातलं मंजन सदऱ्यावर उडालं. "म्या हातबी नाई लावला त्याले!"

चहाचे कप घेऊन दारात आलेल्या अमीनाबींच्या आत्ता ध्यानात आलं. धागा अर्धवट नव्हता. धागाच पुरा होता. आणि आपण तो पुसला! एक क्षण, खोटं काय बोलायचं, एक क्षण त्यांना वाटलं की गप्प राहावं. नवरा हेकट आहे हे सगळ्या गावाला माहीत, त्याच्यावर खपून जाईल. पण त्या बापड्याचा मंजनानं भरलेला चेहरा पाहून त्यांना राहवेना.

"उमैमा, म्या केलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुहं अर्धं राह्यलं."

उमैमानं सासूकडे पाहिलं. रागवायचं तरी कोणावर? तिचे डोळे भरून आले. "अब्बा, मले माफ करा," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

"काऊन रडून राह्यली?" फकीरभाई म्हणाले. सदऱ्यावरचं मंजन ते तसंच चोळत होते. "तुह्या अम्मीचा पट्टा हाये, साधा नाई. याच्यावरच पळवू. अट बोललो थे बोललो, पन याच्यावरच पळवू."

"याच्यावर पळवलं तर थे माहं इंजन नाई, अब्बा."

शर्यत अकराला. उमैमानं डोळे पुसले आणि कटर काढले. हातानं फिरवायचे दोन कटर, एक बैठकीला वरून उतार द्यायचा, एक खालून. दोन्हीकडून तासत आणलं की मधला पट्टा पुन्हा बारीक होतो. पण घाईत पोरीचा दाब कमीजास्त झाला. पहिल्याच फेऱ्याला कटर करकरला आणि लोखंडावर बारीक दातऱ्या उमटल्या. तिनं हात मागं घेतला. आणखी एक असा फेरा, की बैठक कायमची गेली.

"सरक," अमीनाबी म्हणाल्या.

"अम्मी, तुम्ही कटर कधी धरला नाई."

"कटर नाई धरला. लोखंड पस्तीस वर्षं धरलं. किती दाबायचं तेवढं तू सांग."

त्यांनी कटर टेकवला आणि फिरवला. एका वजनानं, एका चालीनं, ना जास्त ना कमी. दातऱ्या पहिल्या चार फेऱ्यांत गेल्या. राखाडी भुगा पडू लागला, आणि त्या भुग्यात त्यांचा स्वतःचा पट्टा होता. पस्तीस वर्षांत त्यांनी तो कधी छाटला नव्हता. थोडं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मौज वाटली. उमैमा शेजारी डोकं घालून मोजत होती. "अजून, अम्मी. अजून जरासं. बस! आता खालून." शेवटी दोन्ही वाल हलक्या हातानं वीस-वीस फेरे घासले, वीसच. वालांवर पेन्सिलच्या रेघा ओढून ते बैठकींवर फिरवले, तर रेघा फक्त धाग्याएवढ्या जागी पुसल्या गेल्या, चारी अंगांनी सारख्या. वरून घासलेट ओतलं आणि शंभरपर्यंत मोजलं. खालची बाजू ठणठणीत कोरडी.

"या अल्ला," उमैमा कुजबुजली, "अम्मी, हे तर माह्यापेक्षा साफ झालं!"

आणि सासू-सुनेनं एकमेकींना अशी मिठी मारली की दोघींच्या ओढण्या काळ्या झाल्या.

बाजार समितीच्या आवारात माणसांची ही गर्दी! निवृत्त आयटीआय मास्तर प्रसेनजित माइकवर होते, हातात घड्याळ. सहा इंजिनं, सहा बाटल्या, एकशे वीस बल्ब. अकरा वाजता हँडल फिरली आणि सगळं आवार फटफटायला लागलं. शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावायला लागावं असा दणका.

पस्तिसाव्या मिनिटाला पहिलं इंजिन खोकललं आणि त्याचे बल्ब गेले. सदतिसाव्याला दुसरं. एकोणचाळीस होईपर्यंत आणखी दोन बंद पडली. राहिली दोनच, उकंडरावांचं आणि आपलं. अमीनाबींच्या बाटलीत तळाला बोटभर डिझेल दिसत होतं. उकंडरावांच्या बाटलीत किती, ते पाहायची त्यांची हिंमत होईना.

"एक्केचाळीस!" प्रसेनजित मास्तर ओरडले.

उकंडरावांचं इंजिन दोनदा अडखळलं. बल्ब लाल झाले, विझले. "एक्केचाळीस मिनिटं, दहा सेकंद! नवीन विक्रम!" उकंडरावांनी हात वर केले आणि तसेच ठेवले, कारण शेजारचे वीस बल्ब पांढरेशुभ्र जळत होते.

"बेचाळीस!"

मग मात्र फकीरभाईंचा ताबा सुटला. ज्यांनी कटर भंगारात टाकायची अट घातली होती तेच आता बाटलीसमोर उभे राहून ओरडत होते, "चाल बे! चाल माह्या राजा! बंद नको पडू!" उमैमानं तोंडावर दोन्ही हात धरले होते. अमीनाबींना आपण नाचतो आहोत हे कळलंसुद्धा नाही.

"त्रेचाळीस!" आवार डोक्यावर घेतलं लोकांनी. बाटली कोरडी दिसत होती, नळीत जे काय उरलं असेल तेवढ्यावर इंजिन चालू होतं. आणि मग ते एकदम, न खोकता, थांबलं. "त्रेचाळीस मिनिटं, चाळीस सेकंद!"

नियम असा की जिंकलेलं इंजिन सगळ्यांसमोर उघडायचं, लबाडी नको म्हणून. अर्ध्या तासानं इंजिन निवलं आणि हेड उतरवलं. सगळ्यांच्या पुढं उकंडराव, चष्मा कपाळावरून नाकावर आणत. त्यांनी वाल हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला, मग वाकून हेडातली बैठक पाहिली.

"भाभी," ते चक्रावून म्हणाले, "बैठकीत तुमचा पट्टा कुठं गेला?"

"काटला," अमीनाबी म्हणाल्या.

"काऊन?"

"त्याच्यापायी हवा अडत होती."

हे बोलता बोलता अमीनाबी थबकल्या. त्यांच्यासमोर सगळा तालुका उभा राहिला. विहिरीविहिरीवर फटफटणारी इंजिनं, आणि एकेकाच्या हेडात ज्वारीच्या दाण्याएवढा रुंद, कुठंही न तुटलेला पट्टा. आपल्या हातचा. सगळीकडे हवा अडलेली. दुसऱ्याच क्षणाला मात्र त्यांना असा काही हुरूप आला की त्यांनी सरळ प्रसेनजित मास्तरांच्या हातातला माइक ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा.

"ऐका हो! ज्याच्या ज्याच्या इंजनात माहा पट्टा हाये, त्यानं हेड घेऊन या. थो चुकीचा हाये. माह्या सुनेनं बरोबर दाखवला. आम्ही दोघी सारे बारीक करून देतो!"

"अव, सारा तालुका येईन!" फकीरभाई ओरडले.

"मंग एका टेबलानं काय होते? दोन मांडा!"

हशा उसळला. उकंडराव मात्र हसत नव्हते. ते गुमान आपल्या इंजिनाकडे गेले, पाना काढला, नट सैल केले आणि हेड उचलून आणून अमीनाबींसमोर ठेवलं.

"पहिला नंबर माहा, भाभी," ते खाली मान घालून म्हणाले. "याच्यातला पट्टा बी तुमचाच हाये. भाच्याच्या नावानं हेड पाठवलं होतं, तीन वर्षं झाली. माहा एक्केचाळीसचा आकडा तुमच्याच हाताचा."

अमीनाबींनी वाल बाहेर काढून बैठक पाहिली. सांगायची गरज नव्हती, आपला हात त्यांना ओळखू येत होता. तीन वर्षं होऊनही पट्टा कुठं तुटला नव्हता, फार सुरेख होता. त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि त्यांनी हात पुढं केला. उमैमानं त्या हातात कटर ठेवला, आणि अमीनाबींनी तो स्वतःच्या पट्ट्यावर टेकवून फिरवायला सुरुवात केली.