कोळशाची इस्त्री

नातू झाला त्या वर्षी इस्त्रीवाल्या मावशींनी सासूपासून चालत आलेली कोळशाची इस्त्री भंगारात देऊन टाकली.

"मावशी, पितळी आहे. विचार करा," भंगारवाला म्हणाला.

"विचार झालाय. उचल."

आदल्या रविवारी परदेशातून मुलाचा फोन आला होता. "आई, इथे पेपरात तक्ता आलाय. स्वच्छ आणि परवडणारी वीज, इंधन कुठल्या देशात घरोघरी पोचलं त्याचा. आम्ही तिसरे."

"आणि आपण?"

"खूप खाली."

"माझ्या चार निखाऱ्यांनी देश बुडवला म्हण की!"

तो हसला नाही. "बाळाची छाती नाजूक आहे, आई. त्या धुरात कसं आणू त्याला? कोळसा बंद कर, मग येतो."

'येतो' एवढा शब्द मावशींनी उराशी धरला. विजेची इस्त्री घेतली, काजळलेल्या भिंतींना चुना लावला. हाताची सवय मात्र जाईना. इस्त्री थंडावली वाटली की निखारे फुलवायला त्या ती उचलून दाराकडे झुलवत निघत. मागे वायर ताणली जाई, प्लग निसटे.

शेजारचा शिंपी मशीन थांबवून ओरडे, "मावशी, शेपूट सुटलं!"

"आधी तुझं तोंड शिव, मेल्या!"

विजेचं बिल आलं की डोळ्यांत पाणी येई. "पूर्वी धुराने यायचं," त्या म्हणत. वीज गेली की कपडे तसेच पडून राहत. गिऱ्हाइकं कुरकुरली, मग हळूहळू पलीकडच्या गल्लीतल्या कोळशाच्या इस्त्रीकडे वळली.

"एखादी जुनी आणून देऊ? त्याला तिकडे काय कळतंय?" शिंप्याने विचारलं.

"वास लपत नाही रे. पोर आलं नि खोकलं म्हणजे?"

मुलाला आधी सुट्टी मिळेना, मग बाळाला सर्दी झाली, मग थंडी सुरू झाली. मावशी फोनवर म्हणत, "सवडीने ये. इथे आता धूर नाही हं."

एकदा त्यांनी शिंप्याला नातवासाठी सदरा शिवायला सांगितला.

"माप?"

मावशींनी दोन्ही हात समोर धरले. थोडे लांब केले, पुन्हा जवळ आणले. "वर्षाचं पोर केवढं असतं? तूच बघ बाबा."

सदरा झाला. मावशींनी त्याला कडक इस्त्री केली आणि खुंटीला अडकवला. आठवडा झाला की उतरवून पुन्हा करत.

नातू चालायला लागला त्या महिन्यात, सोमवारी सकाळी, मावशी गेल्या. मुलगा एकटाच आला, आणि घरात पाऊल टाकताच लहानपणच्या सवयीने त्याने आधी खिडकी उघडली.