चेहरा झाकल्यावर

हिमानीने केयूरच्या चेहऱ्यावर काळा चौकोन बसवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळे दिसेनासे झाले. उशी, चादरीची कड आणि पलंगाचा लोखंडी दांडा एवढेच चित्रात उरले. मग तिने तीच चित्रफीत पुन्हा, तिनेच शिकवलेल्या संगणकी नेटवर्कला दिली.

लॅपटॉपवर शब्द उमटला : पाणी.

उत्तर बरोबर होते. तिने दुसरी चित्रफीत घेतली, चेहरा झाकला. कूस, म्हणजे कूस बदलायची. तेही बरोबर. तिने चौकोन मोठा करून मान आणि खांदेही त्यात घेतले. त्या दोन्हींची आणि तिसऱ्या एकीचीही उत्तरे तशीच आली. हिमानीने कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले. माणूसच झाकून टाकला होता, तरी त्याला काय हवे ते यंत्र सांगत होते.

केयूर, तिचा नवरा, आतल्या खोलीत त्याच पलंगावर होता. वाळूजच्या रस्त्यावर झालेल्या अपघाताला आता दुसरा उन्हाळा लागला होता. त्याचे डोळे उघडे असत, पापण्या लवत, पण हाक मारली तर नजर वळत नसे. पुण्याच्या एका पुनर्वसन केंद्राचे डॉक्टर शहरातल्या रुग्णालयात येत, तेव्हा त्यांनी त्याला दोनदा तपासले होते. त्यांची अट साधी होती. एका प्रश्नाला एकच प्रतिसाद, आणि तो पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे. तसा तो मिळाला तरच केंद्रात जागा. उद्याची तपासणी शेवटची होती. उद्याही काही दिसले नाही, तर यादीतून नाव जाणार आणि पुढे घरची सेवा, एवढेच.

वाळूजच्या कंपनीत हिमानीचे काम यंत्रांचे दुखणे ओळखण्याचे होते. एका बाजूने यंत्राची कंपने द्यायची, दुसऱ्या बाजूने त्या वेळी काय बिघडले होते ते सांगायचे. पुरेशा वेळा सांगितले की मधले नाते नेटवर्क आपले आपण शोधते. कसे शोधले हे त्याला विचारता येत नाही. उत्तर बरोबर आले की नाही, एवढेच पाहता येते. माणसाला ऐकू न येणारी खरखर त्याला कळते, तर केयूरच्या चेहऱ्यावरची हालचाल का कळू नये, असे तिला एक दिवस बसमध्ये वाटले. तिने पलंगासमोर कॅमेरा बसवला. दिवसभर केयूरजवळ असणाऱ्या सासूबाईंच्या, यमुनाबाईंच्या, हातात एक टॅब दिला. त्यावर पाच बटणे : पाणी, कूस, दुखतंय, उजेड, नको. बटण दाबले की आधीचे काही क्षण साठवले जात. अधूनमधून कॅमेरा रिकामे क्षणही आपणहून टिपून ठेवी, म्हणजे काहीच नसणे कसे दिसते तेही नेटवर्कने शिकावे.

गेल्या आठवड्यात, आधी न पाहिलेल्या चित्रफितींवरही नेटवर्कची उत्तरे बरोबर येऊ लागली. हिमानीने कंपनीच्या जिन्यात उभी राहून घरी फोन लावला होता. आई, तो बोलतोय, एवढेच तिला म्हणता आले. यमुनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती.

आता तिने मंदारला फोन लावला. तो तिच्याच विभागात होता आणि चेहरा झाकून बघ असे त्यानेच सुचवले होते. तिने निकाल सांगितला.

"मशीन खोटं नाय बोलत, आळशी असतं," तो म्हणाला. "सोपा रस्ता दिसला की तिकडूनच जाणार, आपल्या विभागप्रमुख कारभारीसाहेबांसारखं. फ्रेममध्ये दुसरं काय हलतंय ते बघ."

तिने पहिली चित्रफीत सावकाश चालवली. डाव्या कडेने दोन बांगड्या आणि ओल्या कापसाचा बोळा आत आला. दुसऱ्या चित्रफितीत चादरीखाली सरकणारी बोटे होती. तिसरीत तेलाने चमकणारा तळवा.

नळाला पाणी यायचा दिवस होता. यमुनाबाई मागच्या ओट्यावर ड्रम भरत होत्या. हिमानी दारात उभी राहिली.

"आई, तुम्ही बटण कधी दाबता?"

"म्हणजे?"

"त्याला पाणी हवंय असं वाटलं, की आधी बटण दाबता, का आधी पाणी देता?"

यमुनाबाईंनी रबरी नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली.

"आधी पाणीच देणार ना. लेकरू तहानलेलं, अन् मी बटणं दाबत बसू?"

"मी सांगितलं होतं, आधी बटण म्हणून."

"सांगितलं होतंस. दोन-चार दिवस केलं तसं. मग नाही झालं माझ्यानं." त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "दिल्यावर दाबत होते की. एकदाही चुकले नाही."

हिमानीने चौकटीला टेकून त्यांना समजावून सांगितले. यंत्राने चेहरा पाहिलाच नव्हता. कापूस दिसला की पाणी, चादर हलली की कूस, तेलाचा हात दिसला की दुखतंय. तिने हे दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा आवाज जरा चढला. यमुनाबाई ऐकत राहिल्या.

"मग ते जे सांगत होतं, ते त्याचं नव्हतं?"

"तुमचं होतं."

ड्रम भरून वाहू लागला. एरवी तांब्याभर पाणी सांडले तरी हळहळणाऱ्या यमुनाबाई ओट्यावरून उतरणाऱ्या पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. शेवटी हिमानीनेच पुढे होऊन नळी काढली.

"उद्या मी शेजारीच बसते," यमुनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नेहमीसारखा हात लावते. कोण बघतंय?"

हिमानी नळी गुंडाळू लागली. हाच विचार घडीभरापूर्वी लॅपटॉपसमोर तिच्याही मनात येऊन गेला होता. आई पलंगाला लागून बसली तर कुणी हरकत घेणार नव्हते. डॉक्टर विचारणार, बांगड्या हलणार, पडद्यावर शब्द येणार. केंद्रात जागा मिळाली असती. तिथल्या लोकांना खरे कळेपर्यंत कदाचित त्याच्यात फरकही पडला असता. ती नळी गुंडाळत राहिली. गुंडाळून झाल्यावर सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

मग ती आत गेली. सगळ्या चित्रफिती तिने चेहऱ्यापुरत्या कापल्या, अगदी कानाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बाहेरून कुणाचे बोटही आत येणार नाही. कापूस ओठाशी टेकतो तो भागही काढून टाकला. नेटवर्कला सगळे पुसून पहिल्यापासून शिकायला लावले. कूलरची घरघर चालू होती. आत यमुनाबाई केयूरला काहीतरी सांगत होत्या. त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

निकाल आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरले होते. पाणी गेले. कूस, दुखतंय, उजेड, सगळे गेले. नेटवर्क नुसते अंदाज करत होते, डोळे मिटून केल्यासारखे. हिमानी लॅपटॉपचे झाकण लावायला निघाली आणि थांबली. शेवटचा शब्द राहिला होता. नको. तो जवळजवळ दर वेळी बरोबर येत होता. रिकाम्या क्षणांपासूनही तो वेगळा ओळखू येत होता.

का, ते तिला लगेच कळले नाही. तिने चित्रफिती काढल्या. बाकीच्या शब्दांना यमुनाबाईंचे हात आधी कामाला लागत. नको म्हटल्यावर करण्यासारखे काही नसते. तेवढ्या एका शब्दाला त्यांनी न थांबता बटण दाबले होते, आणि तेवढ्याच चित्रफितींत केयूरचा चेहरा आला होता.

ती त्या एकामागून एक पाहत गेली. आधी काही दिसले नाही. मग दिसले, आणि दिसल्यावर प्रत्येकीत दिसू लागले. हनुवटी किंचित आत जाई आणि खालचा ओठ दोनदा दाबला जाई. रोज सकाळी ती हाच चेहरा ओल्या फडक्याने पुसत होती.

तिने यमुनाबाईंना विचारले, नको कधी दाबत होतात.

"नाकातल्या नळीतून पेज घालताना. बास म्हटल्यासारखं करायचा. कधी कधी नुसतं बोलत बसले तरी करायचा."

"काय बोलताना?"

यमुनाबाईंनी उशीचा अभ्रा ओढून नीट केला. "हेच. बरा होशील म्हणून."

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीत हिमानीने यमुनाबाईंना पलीकडच्या भिंतीशी बसवले. त्यांनी हात मांडीत घट्ट धरून ठेवले. कॅमेरा फक्त चेहऱ्यावर होता आणि नेटवर्कचा शब्द आता टॅबवर उमटणार होता. याला एकच शब्द येतो, असे हिमानीने डॉक्टरांना आधीच सांगितले. ते ऐकून डॉक्टर हसले नाहीत.

त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. पंखा लावू का? टॅब कोरा राहिला. नळी पुन्हा घालायची का? नको. त्यांनी प्रश्नांचा क्रम बदलला, मधे बराच वेळ गप्प राहिले, पाठीमागून विचारून पाहिले. पंख्याला, रेडिओला, खिडकीला काहीच आले नाही. नळीचे नाव काढले की दर वेळी नको. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला आणि त्या हनुवटीकडे जवळून पाहिले.

"हा माणूस ऐकतोय," ते म्हणाले.

भिंतीशी बसलेल्या यमुनाबाई उठल्या आणि परत बसल्या. हिमानीने पलंगाचा दांडा धरला. डॉक्टरांची सहायिका केंद्रातल्या जागेचे कागद काढू लागली. केंद्रात काय काय करतात, किती वेळ लागतो, आशा किती धरायची, हे डॉक्टर आता वेगळ्याच आवाजात सांगत होते. बोलता बोलता ते केयूरकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"केयूर, आम्ही तुम्हाला पुण्याला नेतो. तुम्ही परत बोलायला लागावं म्हणून मेहनत करू. यायचं ना?"

हनुवटी आत गेली. ओठ दाबला गेला, पुन्हा एकदा दाबला गेला.

नको.

"बघा," डॉक्टर आनंदाने सहायिकेला म्हणाले. "सलग येतंय. लिहून घ्या." त्यांनी कागद हिमानीपुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवले.

यमुनाबाई जवळ आल्या होत्या. त्यांना चष्म्याशिवाय टॅब वाचता येत नव्हता.

"काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

यमुनाबाईंनी केयूरच्या पायांवरची चादर सारखी केली. त्यांचा हात चादरीवर बराच वेळ फिरत राहिला.

"एवढंच येतंय ना त्याला अजून," त्या म्हणाल्या. "तिथं हो म्हणायला पण शिकवतील."

डॉक्टरांनी पेन पुढे केले. हिमानीने ते घेतले, पण कागदाकडे वळली नाही. टॅब तिने पलंगावर पालथा ठेवला. खुर्ची ओढून ती केयूरच्या चेहऱ्याशी आली, इतकी जवळ, की त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता.

"मी सही करू?" तिने विचारले, आणि त्याच्या खालच्या ओठावरून नजर न हलवता वाट पाहू लागली.