आग्रहाचा नाश्ता

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या इंदूताईंच्या घरून कोणी उपाशीपोटी बाहेर पडलं, असं आजवर घडलेलं नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा दोन घास खाऊनच जातो. 'नको' हा शब्द इंदूताईंना ऐकू येत नाही, आणि आलाच तर त्याचा अर्थ 'अजून वाढा' असाच होतो. अशा इंदूताई आपल्यातही घरोघरी आहेत. आपण त्यांचं तोंडभरून कौतुक करतो, आणि ते कौतुक काही खोटं नसतं. म्हणूनच ही हकिकत सांगताना मन जड होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांचे थोरले भाऊ यशवंतराव गोंदियाहून आले. रेल्वेत गार्ड म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. वय अडुसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. बायको वारल्यापासून स्वयंपाकही स्वतःचा स्वतःच करत. त्यांच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा मधुमेहापायी सुटायच्या बेतात आला होता. डावाही फारसा धड नव्हता. सोमवारी सकाळी शंकर नगरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की सोमवारी साखर दोनशेच्या आत असेल तरच हात लावीन, आणि फार दिवस गेले तर नजर राहील याचा भरवसा नाही.

चहा झाल्यावर यशवंतरावांनी पिशवीतून कापडात बांधलेला एक पुडा काढला.

"हे काय आणलं दादा?" इंदूताईंनी विचारलं.

"माह्या तीन दिवसांचा नाश्ता. मुगाच्या डाळीचं पीठ आहे, घरीच दळलं. सकाळी याचे दोन चीले, आपले धिरडेच, करून देजो, संग वाटीभर दही अन् काकडी. बास. पोहे, शिरा, साबुदाणा काही नको. सकाळच्याच खाण्यानं माही साखर जास्त चढते."

"अन् गाडीत काय खाल्लं?"

"दोन उकडले अंडे, पनीरचे तुकडे, मूठभर शेंगदाणे. डब्यातले सारे समोसे खाऊन राहिले होते. मी आपला डबा उघडला. प्रवासात आपलं खाणं आपल्याजवळ असलं का कोणाच्या तोंडाकडे पाहा लागत नाही."

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गंधालीताई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी पुड्याकडे पाहिलं आणि हसत हसत म्हणाल्या, "अगं बाई, भाऊ बहिणीच्या घरी पीठ घेऊन येते का? इंदूताई, तुमच्या घरी काही कमी आहे काय?"

गंधालीताई विरजण घेऊन गेल्या, पण त्यांचं बोलणं इंदूताईंच्या मनात घर करून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतरावांच्या बोटाचं रक्त यंत्राला लावून आकडा सांगायचं काम निधीनं केलं, कारण त्यांना स्वतःला आकडे दिसत नव्हते. निधी म्हणजे इंदूताईंची सून. नव्या रायपुरात सरकारी कचेरीत नोकरीला. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "एक सौ अड़तीस, मामाजी! एकदम बढ़िया," ती म्हणाली आणि यशवंतरावांचा चेहरा उजळला.

इंदूताईंनी ओट्याशी पुडा सोडला. आत फिकट पिवळं पीठ. त्यांनी वळून बाहेरच्या खोलीत बसलेल्या भावाकडे पाहिलं. मानेच्या शिरा वर आलेल्या, शर्ट अंगावर लोंबतोय. याला ऑपरेशन कसं सोसवणार? अंगात ताकद नको? आणि सख्खी बहीण घरात असून भावानं गोंदियाच्या पिठावर दिवस काढायचे?

त्यांनी पुडा पुन्हा बांधला आणि फडताळात लोणच्याच्या बरणीमागे सारला. मग तांदळाचं पीठ घेतलं. छत्तीसगडात चीला करतात तो तांदळाचाच, आणि इंदूताईंचा हात त्यावर बसलेला. रंग यावा म्हणून दोन चमचे बेसन, हळद, भरपूर कोथिंबीर, लसूण, मिरची. तव्यावर तूप सोडून असा चीला काढला की कडा जाळीदार.

"वा! मुगाचा एवढा कुरकुरीत?" यशवंतराव म्हणाले. "माह्या हातचा तर तव्यालेच चिकटते."

"बायकांच्या हातचं वेगळंच असते दादा. घे अजून एक."

"दोनच सांगतले होते."

"मुगाचाच तर आहे! मुगाले काय भ्यायचं?"

खरंच, मुगाला काय भ्यायचं? त्यांनी पाच खाल्ले. बायको गेल्यापासून कोणी एवढ्या मायेनं वाढलं नव्हतं. रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीतही निम्मं पीठ तांदळाचंच होतं. भाऊ पोटभर जेवला म्हणून इंदूताई समाधानानं झोपल्या.

रविवारी सकाळी आकडा आला दोनशे एकतीस.

"काहून वाढली?" यशवंतराव गोंधळून गेले. "मी तर काहीच नाही खाल्लं."

इंदूताईंना कारण कळलं. पण तोंडातून निघालं, "जागा बदलली, पाणी बदललं, थोडी चढतेच. गोळी घेतोस नं तू?" पातेल्यात चील्याचं पीठ भिजवून तयार होतं. आता ते टाकून द्यायचं म्हणजे सगळं सांगावं लागणार. आजचा दिवस निभावून नेऊ, उद्यापासून त्याचंच पीठ करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या दिवशीही भाऊ चार चीले जेवला, आणि दुपारभर घटाघटा पाणी पीत राहिला.

सोमवारी दवाखान्यात साखर निघाली तीनशे बावन्न.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "बाबूजी, इतना समझाया था. दो-तीन दिन परहेज नहीं हुआ आपसे?"

"मैडम, मैंने पाला. एकदम पाला." यशवंतरावांचा आवाज चिरकला. शेजारच्या खुर्चीकडे वळून ते म्हणाले, "सांग नं इंदू. तूच सांग यायले. तुह्याच हातचं खाल्लं मी."

बाजूला चार रोगी बसले होते. नर्स होती. सगळे ऐकत होते. "हव," इंदूताई पुटपुटल्या. "पाळलं त्यानं."

"घरवाले तो सब यही कहते हैं," डॉक्टरीणबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. इन्सुलिन सुरू झालं.

परत येताना रिक्षात यशवंतराव एवढंच बोलले, "आता माह्या अंगाचाच भरवसा राहिला नाही. पथ्य पाळूनही असं होते, तर काय खावं माणसानं?" घरी आल्यावर त्यांनी दह्याची वाटीसुद्धा बाजूला सारली. इन्सुलिन घ्यायचं आणि खायचं नाही, हे किती धोक्याचं, हे सांगूनही पटेना. प्रत्येक घासाची त्यांना भीती वाटू लागली होती.

त्या संध्याकाळी निधी लोणचं काढायला फडताळाशी गेली आणि पुडा हातात घेऊन बाहेर आली. यशवंतराव आतल्या खोलीत पडले होते.

"आई, ये तो पूरा का पूरा है." तिनं आवाज खाली आणला. "फिर मामाजी ने दो दिन क्या खाया?"

इंदूताईंनी आधी नजर चुकवली, मग पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगितलं. तांदळाचं पीठ, हळद, भाकरी, सगळं. "मले वाटलं ताकद येईन त्याच्या अंगात. जहर थोडीच दिलं मी? दोन दिवसांनी असं काय होते?"

"उनके लिए दो दिन ही तो थे, आई!"

"अन् लोक काय म्हणतीन? भाऊ आला अन् आपल्याच पुड्यातलं खाऊन गेला? आपल्या घराची काही इज्जत आहे का नाही?"

निधी त्यांच्यासमोर बसली. या पोरीनं सासूपुढे कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. "आई, मामाजी ने आपके खाने को ना नहीं कहा था. चावल को ना कहा था. आपके भरोसे तो उन्होंने अपनी आँख छोड़ी थी. हमारे यहाँ शुगर के मरीज़ को तीन बार ना बोलना पड़ता है. चौथी बार वो शरम से खा लेता है. फिर डॉक्टर की डाँट भी उसी को पड़ती है. खिलाने वाले को कोई कुछ नहीं बोलता. और यहाँ तो उनको ना बोलने का मौका भी नहीं मिला."

आता इंदूताईंना उमगलं. आयुष्यभर ज्याला त्यांनी माया म्हटलं, त्यात आपलाच मान केवढा मोठा होता! भावाची भूक त्यांनी पाहिलीच नव्हती, पाहिला होता तो फक्त गंधालीताईंचा चेहरा.

मंगळवारी सकाळी त्या भावाच्या पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. सांगायला शब्द फुटत नव्हते, तरी सांगितलं. यशवंतराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी पाळलं होतं," ते म्हणाले.

"हव दादा. तू पाळलं होतं."

"डोळ्याचं होईन तसं होईन, इंदू. पण तिथं चार लोकांत मी खोटा पडलो, अन् तू बाजूच्याच खुर्चीवर होती."

त्या दिवसापासून इंदूताई भावाच्याच पिठाचे दोनच चीले करू लागल्या, वाटीभर दही आणि काकडीसह. साखर उतरू लागली. एकशे नव्वद, एकशे साठ. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

शुक्रवारी सकाळी यशवंतरावांनी हाक मारली, "निधी, खिडकी बंद आहे का वं?"

खिडकी सताड उघडी होती! उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला होता.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या परीनं सगळं केलं, पण पडदा मधोमध सुटला होता. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं पट्टी काढायच्या दिवशी त्यांनी सांगितलं. तेव्हा इंदूताई पुढे झाल्या. वेटिंगमधल्या बाकांवर माणसं भरलेली, दार उघडं.

"मैडम, मेरे भाई ने परहेज किया था," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मैंने मूंग बोलके चावल खिलाया. झूठा वो नहीं था. उस दिन मैं चुप बैठी."

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या, यशवंतरावांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बाबूजी, मुझे माफ करना. मैंने पूछा नहीं, सीधे डाँट दिया." मग इंदूताईंकडे वळून खरं तेच सांगितलं. सोमवारी ऑपरेशन झालं असतं तरी डोळा वाचलाच असता, असं त्या छातीठोकपणे म्हणू शकत नव्हत्या. कदाचित वाचला असता. हा 'कदाचित' आता इंदूताईंना जन्मभर पुरणार होता.

तीन आठवड्यांनी यशवंतराव गोंदियाला निघाले. इंदूताईंनी आदल्या दिवशीच विचारलं होतं, "दादा, गाडीत काय देऊ? तूच सांग." साठ वर्षांच्या आयुष्यात पाहुण्याला असं विचारण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. भावानं सांगितलं तेवढंच आणि तसंच त्यांनी डब्यात भरलं. दोन अंडी, पनीर, काकडी, शेंगदाणे. वरून काही नाही.

दारात डबा हातात देताना त्या म्हणाल्या, "तू म्हणलं तेच आहे."

यशवंतरावांनी डबा घेतला, पिशवीत टाकायला गेले आणि थांबले. मग तो त्यांनी निधीपुढे धरला. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, एखाद्यानं रस्ता विचारावा तितक्या साधेपणानं ते म्हणाले, "बेटा, जरा पाह्यतं का, काय आहे यात?"

निधीनं सासूकडे पाहिलं. तिचा हात पुढे होईना.

"उघड," इंदूताई म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या त्यांनी पुसल्या नाहीत. "सगळं दाखव त्याले. एकेक जिन्नस दाखव. त्याचा हक्क आहे तो."

निधीनं झाकण काढलं आणि एकेका वस्तूचं नाव घेत गेली. यशवंतराव डाव्या डोळ्याजवळ डबा नेऊन मान डोलवत राहिले. सगळं ऐकून झाल्यावरच त्यांनी डबा पिशवीत ठेवला, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निधीचा दंड धरून पायऱ्या उतरले.

वाचकहो, इंदूताई दुष्ट नव्हत्या. आपणही नाही. तरी उद्या आपल्या दारी एखादा मधुमेही पाहुणा येईल, सोबत स्वतःचा डबा आणील, ताटावरून हात मागे घेईल. तेव्हा त्यात आपला अपमान शोधू नका. 'एकानं काय होतं' असं म्हणू नका, आणि लपवून तर कधीच वाढू नका. तुम्हाला काय चालतं, एवढं विचारा आणि तेच वाढा. गेलेली नजर इंदूताईंना परत देता आली नाही. आणि सख्ख्या भावाला आपल्या हातचं डोळे मिटून खाता यावं, हेही त्यांना आता पुन्हा मिळणार नाही.