घर उचलायला माणसं हवी होती

त्या वर्षी पेराक नदीने पांडक सेमानच्या घराची वाट धरली. आधी बांबूचं बेट गेलं, मग नदीवर उतरायच्या पायऱ्या गेल्या, मग त्याच्या बायकोचं, लिजाचं, कोंबड्यांचं खुराडं. सकाळी उठून पाहावं तर काठ आणखी जवळ आलेला. पांडक जिन्याच्या पायरीवर पान चघळत बसायचा आणि दरड कोसळल्याचा आवाज ऐकायचा.

घर हलवायला हवं होतं. त्यात नवल काही नव्हतं, त्या गावात घरं हलतच असत. खांबांना आडवे बांबू वेताने आवळायचे, सगळ्या गावाने खाली शिरून खांदा द्यायचा, म्होरक्याने हाळी दिली की घर छपरासकट उठायचं आणि माणसांच्या पायांनी चालू लागायचं. पांडकने तरुणपणी अर्ध्या गावाची घरं वाहिली होती, तीही कोपऱ्याच्या खांबाखाली, जिथे भार जास्त येतो. त्याच्या उजव्या खांद्यावर त्याची गाठ अजून होती. मशिदीमागे, उंचावर, सासऱ्याची जागा मोकळी पडली होती. जागा होती, घर होतं. माणसंही होती, पण ती एका बांबूखाली यायला तयार नव्हती.

याचं मूळ पांडकच्या पोटचंच होतं. त्याचा मुलगा झैनुद्दीन पिनांगच्या मद्रशातून शिकून आला आणि कॉफीच्या दुकानात बसून मासिकं मोठ्याने वाचू लागला. आपल्या जमिनी रबराच्या कंपन्यांकडे कशा गेल्या, बाजार दुसऱ्यांच्या हातात का, आपली पोरं साहेबाच्या दारात शिपाई म्हणून उभी राहण्यातच धन्यता का मानतात, असं सगळं. पोरं कान टवकारून ऐकत. पांडकही मागे उभा राहून ऐकायचा. वाचता येत नसलं तरी पोरगा खरं बोलतो हे त्याला कळत होतं. मग झैनुद्दीन म्हणू लागला, की मयताच्या जेवणावळी, कबरीपाशी मेलेल्याला पढवणं, तांदळाच्या पिठाचं पाणी शिंपडणं, यातलं धर्मात काही नाही. यातच आपण बुडालो. तेव्हा गाव उभं चिरलं. जुनी मंडळी नव्यांनी कापलेलं मांस खाईनात. नवे इमामाच्या मागे नमाजाला उभे राहीनात. त्यांनी नमाजाला वेगळी झोपडी बांधली आणि झैनुद्दीन तिथेच राहू लागला. आणि इमाम हाजी उदा म्हणजे लिजाचा थोरला भाऊ, झैनुद्दीनचा सख्खा मामा. पोराला पहिली अक्षरं त्यानेच गिरवायला लावली होती.

पांडक आधी इमामाकडे गेला.

"तुझं घर मी पडू देईन होय?" हाजी उदा म्हणाला. "पण रीत सोडून खांबाला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी दुवा, खांबांना पिठाचं पाणी. बापजाद्यांनी केलं ते काय वेडे होते म्हणून?"

"झैनुद्दीनच्या पोरांनी ते पाहिलं तर ती खाली शिरणार नाहीत, तोक इमाम," पांडक म्हणाला. मेहुणा असला तरी तो त्याला मानाने तोकच म्हणायचा.

"मग शिरू नका म्हणावं. शहाण्यांनी पुस्तकं घालावीत घराखाली."

"तुमची एकट्यांची माणसं पुरतील?"

हाजी उदाने बोटांवर माणसं मोजली. त्याच्याकडची बहुतेक माणसं त्याच्याच वयाची होती.

झैनुद्दीन झोपडीत मुलांना शिकवत होता. बापाला पाहून बाहेर आला.

"बापा, शिंपडणं वगैरे नसेल तर आत्ता येतो. नाहीतर खोलून नेऊ या घर."

"खोलून? खुंट्या फुगून लाकडात बसल्यात. काढायला गेलो तर फळ्या फुटतील. नव्या कुठून आणू? जंगल कंपनीचं झालं. एक वासा तोडायचा तर परवाना लागतो. तूच वाचून दाखवलंस ना?"

झैनुद्दीनने मान खाली घातली. "मी एकटा डोळे झाकून येईन, बापा. पण या पोरांना मीच सांगितलंय की हे पाप आहे. आता घर आपलं आहे म्हणून चालतं, असं कसं सांगू?"

घरी लिजा म्हणाली, "खांदा देणाऱ्यांच्या जेवणाला कोंबड्या कापायच्या त्या तरी कोणाच्या हातून? विचारून या कोंबड्यांना, तुम्ही जुन्या का नव्या."

शेवटी पांडकने दोघांनाही हो म्हटलं. आदल्या दुपारी, झैनुद्दीन शिकवत असताना, हाजी उदा आला, दुवा म्हणाला, पानांची जुडी पिठाच्या पाण्यात बुडवून खांबांवर फिरवून गेला. तो गेल्यावर पांडकने नारळाच्या ओल्या काथ्याने एकेक खांब पुसला. दुसऱ्या दिवशी झैनुद्दीनने विचारलं, "काही केलं नाही ना, बापा?" पांडक म्हणाला, "नाही."

माणसं आली. एका अंगाला जुने, दुसऱ्या अंगाला नवे. सुरुवातीला कोणी कोणाकडे पाहीना. मग बांबू कमी पडले, वेत सुटला, एक म्हातारा चिखलात बसला तसा कोणीतरी हसलं, आणि हसणारा दुसऱ्या बाजूचा होता हे विसरून म्हाताराही हसला. मुसा नावाच्या जुन्याने शेजारच्या पोराला डिवचलं, "खांदा लाव, मासिक नाही ते." पोरगा म्हणाला, "तुम्ही नुसते लटकू नका, काका." पांडक कोपऱ्यात शिरला. हाळी झाली. घर कुरकुरलं, तळखड्यांवरून सुटलं आणि उठलं. पांडकच्या खांद्यावर भार आला आणि त्याला वाटलं, झालं, आता सगळं झालं.

ते घराच्या लांबीएवढंही चालले नसतील. मधल्या रांगेतल्या एका पोराने श्वास घ्यायला मान वर केली. जमिनीच्या फळ्यांना खालून, तुळईवर, पांढरे शिंतोडे वाळले होते. पांडकने खांब पुसले होते. वर पाहायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"हे पीठ आहे," पोरगा म्हणाला.

"थांबा, टेकवा," मागून कोणीतरी म्हणालं. घर जपून खाली ठेवलं, ते खरं. कोणाला इजा झाली नाही. पण नवे एकेक करून बाहेर आले. झैनुद्दीनने बापाकडे पाहिलं. जुन्यांमधला एक म्हणाला, "पिठाने हात भाजले वाटतं," आणि मग जे बोलणं सुरू झालं ते दोन्ही बाजूंच्या आज्यांपर्यंत गेलं. तेवढ्यात जुनेही निघाले. घर तळखड्यांवरून उतरून मऊ मातीत उभं राहिलं, बांबू बांधलेलं, नदीकडे जरा कललेलं.

पांडक दारोदार फिरला. "खोटं मी बोललो, घराचा काय दोष?" असं तो सांगायचा. लोक त्याला बसवायचे, कॉफी द्यायचे, आणि म्हणायचे, ते आले तर आम्ही येणार नाही.

पाणी चढू लागलं तेव्हा झैनुद्दीन एकटा आला आणि बांबूखाली शिरला. थोड्या वेळाने हाजी उदाही आला, लुंगी खोचून. मामाभाचे एकमेकांशी बोलले नाहीत.

"तुमची माणसं, तोक इमाम?" पांडकने विचारलं.

"सांगितलं मी. म्हणाले, त्यांच्याबरोबर नको असं तुम्हीच तर म्हणाला होता."

झैनुद्दीन म्हणाला, "मलाही तेच म्हणाले."

तिघांनी खांदा लावला. पांडकने स्वतःच हाळी दिली. बांबू वाकला, घर हललं नाही. पुन्हा लावला. हाजी उदा धापा टाकत चिखलात बसला, तसं झैनुद्दीनने त्याला बगलेत हात घालून बाजूला नेलं.

दुपारी मागचे खांब गेले आणि घर आडवं होत पाण्यात उतरलं. छप्पर बराच वेळ तरंगताना दिसलं. सगळं गाव काठावर आलं होतं. बायका रडत होत्या, दोन्हीकडच्या. भाताची पातेली आली, मांसाचं रेंदांग आलं, चादरी आल्या. मुसा म्हणाला, "पांडक, आमच्याकडे चल." लगेच दुसरीकडून एक पोरगा म्हणाला, "पांडकदादा, खोली रिकामी करून ठेवलीय." दोघेही मनापासून बोलत होते. आणि दोघांच्या मागे माणसं उभी होती, तो कोणाकडे जातो हे पाहत.

पांडक बोचक्यावर बसून राहिला. आता जिथे जेवेल त्या बाजूचा तो होणार होता.

लिजाने घरातून वाचवलेली भांडी गोळा केली, त्यांचे दोन ढीग लावले. मोठा तवा एकीकडे, भाताचं पातेलं दुसरीकडे.

"अहो, तुम्ही पोराकडे जा," ती म्हणाली. "मी भावाकडे जाते."

"आणि मग?"

"मग काय. कोणी रागावणार नाही."

लग्नापासून ती एक दिवसही दुसऱ्या घरी झोपली नव्हती. तिने चटई काखेत मारली आणि मशिदीच्या वाटेला लागली. पांडकने तिला हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून तिला कुठे बोलवायचं हे त्याला सुचेना.