चमचाभर जिताड्याचं सूप

तैवानातल्या काओश्युंगच्या त्या कॅन्सर वॉर्डात निम्मे रुग्ण सुपारी खाऊन आलेलेच. ट्रकवाला तियान्फूही त्यातला. डावा जबडा कापून तिथे त्याच्याच पोटरीतलं हाड बसवलं होतं. खाणं नाकातल्या नळीतून. "तोंडातून थेंबही नाही," डॉक्टर च्वांगनी बजावलं होतं. "टाके उसवले तर नवं हाड सडेल."

जखम भरायला आमच्याकडे जिताडा माशाचं सूप देतात, मग डॉक्टर काहीही म्हणोत. तियान्फूची आई रोज थर्मास भरून आणायची. त्याची बायको बीश्या ते गाळून नळीत घालायची. पण नळीला कसली आलीय चव? एका दुपारी तो चमच्याकडे नुसता बघत राहिला. बीश्याला राहवेना. एकच चमचा, म्हणून तिने भरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग कसला एकच! वाटी रिकामी झाली.

सकाळी हनुवटीखालच्या टाक्यांतून सूप पाझरत होतं.

"कोणी पाजलं?" डॉक्टर कडाडले. "परत उघडावं लागणार!"



"मी," थर्मास घेऊन नुकतीच आत आलेली सासू म्हणाली. "म्हातारीची अक्कल ती."

"तुम्ही यापुढे आत पाऊल टाकायचं नाही!"

सासू थर्मास उचलून निघून गेली.  खरं सांगायचं तर, आपलं नाव आलं नाही म्हणून त्या क्षणी बीश्याला हायसंच वाटलं होतं, आणि त्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या ऑपरेशननंतर हाड वाचलं. तियान्फूला मान वळवता येत नव्हती, पण डोळे सारखे दाराकडे जात. आई कुठे आहे, हेच ते विचारत होते. बीश्याकडे तो बघेच ना.

शेवटी ती डॉक्टरांच्या मागे धावली. "चमचा माझ्या हातात होता. आईंना आत येऊ द्या."

"मग तुम्ही बाहेर," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर सासू थर्मास मांडीवर घेऊन बसलेली होती. रोज इथेच बसत होती म्हणे.

"सांगून टाकलंस? वेडी कुठली," ती करवादली. "त्याच्याजवळ कोणी बसायचं मग?"

"तुम्ही, आई."

सासू उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. थर्मास छातीशी धरून हळूच म्हणाली, "अगं, पण त्या नळीत घालतात कसं, ते तरी दाखव."