जाड पट्टी

प्रयोगशाळेत तिला सगळे पट्टीवाल्या बाई म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा मान जास्त होता. जनावरांच्या जंतूंचा जनुकीय ठसा काढायची जुनी पद्धत म्हणजे जिवाला खाणारं काम. डीएनए कापून जेलीसारख्या थरात, म्हणजे जेलमध्ये, ठेवायचा, वीस तास वीज सोडायची, मग दिव्याखाली उमटलेल्या पट्ट्या डोळ्यांनी वाचायच्या. दोन नमुन्यांच्या पट्ट्या जुळल्या, की जंतू एकाच घराण्यातले. तिच्या डोळ्यांवर कधी कुणी शंका घेतली नव्हती.

आता नवं यंत्र आलं. ते जंतूचा डीएनए अथपासून इतिपर्यंत स्वतःच वाचतं. दोन्ही पद्धतींची तुलना करायची म्हणून साहेबांनी फ्रीझरमधले साठ जुने नमुने बाहेर काढायला लावले.

"साठात एकोणसाठ जुळले," निकाल हातात घेऊन साहेब खुशीत म्हणाले. "तुमची पद्धत काही वाईट नव्हती हं, बाई."

"आणि तो एक?"

"एखादा चुकायचाच. तक्त्याखाली तळटीप देऊ."

तो एक म्हणजे एकशे बारा नंबरची कुपी. तिच्या सख्ख्या भावाच्या गोठ्यातली.

सहा वर्षांपूर्वी दुधातून माणसं आजारी पडली होती. रुग्णांचा जंतू आणि गोठ्यातला जंतू एकच आहे का, एवढंच तिला सांगायचं होतं. कुपीवर नुसता नंबर असतो, पण त्या आठवड्यात तपासणी एकाच गोठ्याची, दादाच्या, झाली होती. पट्ट्या जुळत होत्या. फक्त एक पट्टी जरा जाड होती. दोन पट्ट्या चिकटून एक दिसत असतील, असं तिच्या मनात आलं. डीएनए कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमने कापून पाहिलं असतं तर चार दिवसांत सोक्षमोक्ष लागला असता. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर तिने ते डोळे झाकून केलं असतं. पण भावासाठी बाई वेळकाढूपणा करतायत, असं कुणी म्हणेल या धास्तीने तिने 'एकच' असं लिहून सही ठोकली. वर स्वतःच्या प्रामाणिकपणाचं कौतुकही वाटून घेतलं! बेचाळीस गाई मारल्या गेल्या, परवाना गेला. दादा तिला एका शब्दाने बोलला नाही, आणि ते तिने माफी समजून घेतलं.

नव्या यंत्राच्या मते ते दोन जंतू एकमेकांचे कुणीच नव्हते.

रविवारी निकालाचा कागद घेऊन ती दादाकडे गेली. तो आता दुसऱ्याच्या गोठ्यावर कामाला होता. वहिनीने चहा ठेवला. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

दादाने कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे आमच्या दुधाने कुणी आजारी पडलं नव्हतं."

"नाही."

"तुला तेव्हाच शंका आली होती?"

खोटं बोलायची तिला फार इच्छा झाली. "आली होती. तुझा नमुना होता म्हणून परत तपासला नाही. लोक काय म्हणतील याची भीती वाटली."

वहिनी उठून आत गेली. दादाने कागद पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाला, "मला तेव्हा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा हक्क होता, माहीत आहे ना? ही तर मागेच लागली होती. चार लोकांनी सांगितलं. मी म्हटलं, काही गरज नाही, खाली सही माझ्या बहिणीची आहे."

त्याने कागद नीट घडी घालून तिच्या हातात परत दिला आणि पायात बूट चढवायला घेतले. धारांची वेळ झाली होती.