पिण्यास योग्य

कुंडलिक झुंजुमुंजू होताच उठे. राखुंडीने दात घासून, डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन तो वेल्ह्याच्या पेठेमागची चढण चढे. टेकाडावरच्या दगडी टाकीत खाचा पाडलेली काठी बुडवून पाणी किती आहे ते पाही. मग डब्यातली जंतुनाशक पावडर करवंटीने मोजून बादलीत कालवी, गाळ तळाशी बसू देई, वरची निवळी टाकीत ओती आणि अर्धा तास दगडावर बसून राही. पाण्यातले जंतू मरायला तेवढा वेळ लागतो, असे आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी त्याला शिकवले होते. मग तो चावी फिरवी आणि खाली तिन्ही नळांवर हंडे वाजू लागत.

१९५७ सालच्या श्रावणातही हे सगळे असेच चालले होते. फरक एवढाच, की डब्यातल्या पावडरीला वास उरला नव्हता. ओल लागून तिचे खडे झाले होते. दोन करवंट्या घाला की चार, ओढ्याचे पाणी जसे येई तसेच नळाला जाई. आणि वर त्या ओढ्यात पावसाळाभर गुरे उतरत.

चांगल्या पावडरीचा एक नवा डबा होता. तो कुंडलिकनेच संपवला होता. महिन्यापूर्वी पाण्याचा नमुना न्यायला इन्स्पेक्टरसाहेब येणार असा निरोप आला. पाहुणा यायचा म्हणजे अंगण सारवायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले. त्याने टाकी घासून काढली आणि सगळा डबा दोन दिवसांत पाण्यात रिकामा केला. आपण लबाडी करतो आहोत असे त्याच्या मनातही आले नाही. दिवाळीला त्याची नोकरी कायम व्हायची होती. साहेबांपुढे पाणी नीट असावे, इतकेच.

बाटली पुण्याला गेली आणि दाखला आला : पाणी पिण्यास योग्य. तो कचेरीच्या फळ्यावर लागला.

त्यानंतर पंधरा दिवसांत पेठेत जुलाब-वांत्या सुरू झाल्या. अकरा घरांत अंथरुणे पडली. म्हातारा रखमाजी तिसऱ्या दिवशी गेला. कुंडलिकने कचेरीत धाव घेऊन पावडर मागितली, तेव्हा कारकून चिमाजीने आधीच्या मागणीला वरून आलेले उत्तर वाचून दाखवले. आपल्याकडील पाणी शुद्ध असल्याने पुरवठा प्रथम इतर गावांस होईल. आपणांस पुढील महिन्यात. कुंडलिकनेच शुद्ध करून दिलेले पाणी आता त्याची वाट अडवून उभे होते.

नळ शुद्ध, मग साथ आली कुठून? लोकांनी सखूबाईच्या ताकावर बोट ठेवले. ती वरच्या धनगरवाड्यातली विधवा, बाजाराला ताक-लोणी घेऊन यायची. दोन बाजार तिच्या माठाला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या बाजारी उन्हे कलताना कुंडलिक तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, भरला माठ परत चालला?"

"न्हाई तर काय करू? पेठंतली फुलाबाई तोंडावर म्हणाली, तुज्या ताकानं माणूस मेलं." तिने माठावर फडके बांधले. "दही माजं घरचं, लेका. पातळ करायला पाणी तेवढं हितं आल्यावर तुज्या नळाचं घेते. त्याचा तर दाखला लागलाय. मग खोट माज्याच हातात म्हणायची."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते कुंडलिकला झेपेना.

घरी येऊन त्याने बायकोला, बाळाबाईला, डब्याची सारी हकीकत सांगितली. ती भाकरी थापायची थांबली नाही.

"दाखला तुमी लिवला का? साहेबांनी लिवला. दिवाळीपातूर गप ऱ्हावा. कायम झालात की काय बोलायचं ते बोला."

"तवर?"

"तवर आपलं चाललंय तसं. पानी उकळून पिऊ."

कुंडलिकचा घास हातातच राहिला. आठ दिवसांपूर्वी, कारण न सांगता, त्यानेच तिला पाणी उकळायला लावले होते. आळीत आजारी न पडलेले घर तेवढे त्यांचेच होते.

सकाळी तो टेकाडावर गेला, काठी बुडवली, पण चावी फिरवली नाही. खाली येऊन नळांवरच्या बायकांना त्याने सांगितले, की नळ आज यायचा नाही. विहिरीचे पाणी न्या, पण उकळल्याशिवाय पिऊ नका, घरात साठवलेलेही उकळा. दाखल्यापेक्षा हा शहाणा, असे एकीने ऐकवले. तो तडक कचेरीत गेला आणि चिमाजीला कागद घ्यायला सांगितला. नमुन्याच्या वेळी किती पावडर घातली, त्यानंतर काय उरले, साथ कधी लागली, सारे त्याने क्रमाने सांगितले. अर्ध्यावर चिमाजीने टाक खाली ठेवला.

"कुंडलिक, हा कागद वर गेला की तुझं कायम होणं राहिलं. आहे ती नोकरीसुद्धा जाईल."

"व्हय. लिवा."

चिमाजीने लिहिले, वाचून दाखवले आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.

"आणखी एक वळ घाला," कुंडलिक म्हणाला. "सखूबाईच्या ताकात दोष नव्हता. त्यात पानी नळाचं व्हतं."

तेवढी ओळ लिहून झाल्यावर त्याने बोटे धोतराला पुसली आणि एकेक अक्षर जुळवीत सही केली.